चार टॉर्पीडो, चार कारणे: ‘सायलेंट हंटर ४’मधला एक फसलेला हल्ला

‘सायलेंट हंटर ४’ हा दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांचा संगणक-गेम. त्यातला मे १९४३. पर्ल हार्बरहून निघालेली गॅटो वर्गाची अमेरिकी पाणबुडी पेरिस्कोपच्या खोलीवर उभी आहे. समोरून एकटे मालवाहू जहाज आडवे चालले आहे. लांबी ४५० फूट, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) २५ फूट, वेग १० नॉट, खरे अंतर १,२०० यार्ड. समुद्र शांत. गेममध्ये ‘डड टॉर्पीडो’ (फसणारे टॉर्पीडो) आणि हाताने नेम धरण्याचा पर्याय, दोन्ही चालू. ट्यूबमध्ये मार्क १४ टॉर्पीडो, वेग ४६ नॉटवर लावलेला.

पहिले तीन टॉर्पीडो आठ-आठ सेकंदांच्या अंतराने सुटतात. पहिला ३० फूट खोलीवर आणि चुंबकीय पिस्तुलावर, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या चुंबकीय यंत्रणेवर, लावलेला आहे. तो जहाजाच्या बुडाखालून जातो आणि काहीच होत नाही. दुसराही तसाच लावलेला, पण तो वाटेतच, साधारण ४५० यार्डांच्या पुढे जाताच फुटतो. तिसरा १० फुटांवर, फक्त टक्करीवर फुटणारा. तो बरोबर मधोमध लागतो, ‘ठण्’ असा आवाज येतो आणि पुढे शांतता. चौथा टॉर्पीडो खेळाडू दीड मिनिट थांबून सोडतो. मधल्या काळात तो पुन्हा पेरिस्कोपमधून नेम घेत नाही, टीडीसी या नेम काढणाऱ्या यंत्राच्या पोझिशन कीपरवर (जहाज आता कुठे असेल ते मोजत राहणाऱ्या भागावर) भरवसा ठेवतो. हा चौथा जहाजाच्या मागून, डेकवरून दिसेल इतक्या जवळून निघून जातो.

हे प्रकरण गेममधल्या नेहमीच्या गस्तीवरून, आकडे मुद्दाम सुटसुटीत ठेवून बांधले आहे. दीड मिनिटात जहाजाने वळण घेतले नाही, असेही धरले आहे. घेतले असते तर हिशेब आणखी बिघडला असता.

असा हल्ला फसला की खेळाडू दोन टोकांपैकी एक गाठतात. एक म्हणतो, गेम बगांनी भरलेला आहे. दुसरा म्हणतो, मार्क १४ असाच होता, हेच वास्तव. या प्रकरणात दोघेही अर्धवट बरोबर आहेत. पहिल्या तीन टॉर्पीडोंचे अपयश इतिहासातले आहे, चौथ्याचे गेममधले. पण पेरिस्कोपमधून चारही सारखेच दिसतात: टॉर्पीडो गेला, जहाज तरंगते आहे. फरक ओळखायचा एकच भरवशाचा मार्ग आहे, आणि तो १९४२-४३ मध्ये अमेरिकी नौदलालाही शोधावा लागला होता. ज्या उपकरणावर शंका आहे त्याच्याशी संबंध नसलेले दुसरे माप घ्यायचे.

पहिला आणि दुसरा: चुंबकीय पिस्तूल

मार्क १४ मध्ये मार्क ६ नावाचा स्फोटक (स्फोट घडवणारी यंत्रणा, हेच ‘पिस्तूल’) होता. टक्कर झाली तर फुटणे आणि जहाजाच्या पोलादामुळे चुंबकीय क्षेत्रात झालेला बदल ओळखून बुडाखाली फुटणे, अशी दोन्ही कामे त्याने करायची होती. बुडाखाली फुटलेला टॉर्पीडो जहाजाचा कणा मोडतो, म्हणून कल्पना आकर्षक होती. पण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखे नसते. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टजवळ जुळवलेला स्फोटक विषुववृत्ताजवळ वेगळा वागायचा. कधी जहाजाखालून गप्प जायचा, कधी सुरक्षित अंतर पार करून सज्ज होताच फुटायचा. टॉर्पीडो सुमारे ४५० यार्ड धावल्यावर स्फोटक सज्ज होत असे, म्हणून अकाली स्फोट बऱ्याचदा तिथेच दिसतात. आपल्या प्रकरणातला दुसरा टॉर्पीडो नेमका तिथे फुटला, हा योगायोग नाही.

पर्ल हार्बरच्या पाणबुड्यांवरचे चुंबकीय पिस्तूल बंद करण्याचा आदेश ॲडमिरल निमिट्झ यांनी २४ जून १९४३ रोजी दिला. नैऋत्य पॅसिफिकमध्ये, रिअर ॲडमिरल ख्रिस्टी यांच्या हाताखालच्या पाणबुड्यांवर, ते वर्षअखेरपर्यंत चालू राहिले. गेममध्ये फ्रीमँटल किंवा ब्रिस्बेनहून खेळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. तारीख तीच असली तरी त्या काळी आदेश वेगळे होते.

मे १९४३ मध्ये चुंबकीय पिस्तूल निवडणाऱ्या खेळाडूला हे दोन अपयश आले, तर त्यात बग काहीच नाही. उपायही सरळ आहे. टॉर्पीडोच्या सेटिंगमध्ये ‘काँटॅक्ट’ निवडायचे आणि खोली जहाजाच्या ड्राफ्टपेक्षा बरीच कमी ठेवायची. २५ फूट ड्राफ्टच्या जहाजाला १० फूट ठीक. अगदी २-३ फुटांवर लावला तर लाटांमध्ये टॉर्पीडो पृष्ठभागावर उसळतो आणि भरकटतो.

तिसरा: ठण् आणि शांतता

हा सगळ्यात जास्त चीड आणणारा प्रकार, आणि सगळ्यात नीट अभ्यासलेला. २४ जुलै १९४३ रोजी पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांजवळ टिनोसा या पाणबुडीने तोनान मारू क्रमांक ३ या प्रचंड जहाजावर हल्ला केला. सुरुवातीच्या टॉर्पीडोंपैकी दोन फुटले आणि जहाज जागीच थांबले. मग कमांडर डॅस्पिट यांनी पाठ्यपुस्तकात काढावी तशी जागा घेतली: ८७५ यार्ड, जहाजाच्या कुशीला अगदी काटकोनात. तिथून एकेक करत नऊ टॉर्पीडो सोडले. नऊही लागले आणि एकही फुटला नाही. उरलेला शेवटचा टॉर्पीडो त्यांनी तपासणीसाठी परत नेला. त्यात काही बिघाड सापडला नाही, आणि खरी मेख तिथेच होती. टॉर्पीडो बिघडलेला नव्हताच, त्याची रचनाच चुकीची होती.

ऑगस्टअखेर हवाईतल्या काहोओलावे बेटाच्या कड्यांवर खरे टॉर्पीडो सोडून न फुटलेले शोधले गेले. मग क्रेनवरून चाचण्या झाल्या. वॉरहेड (टॉर्पीडोचा दारू भरलेला पुढचा भाग) खऱ्या दारूशिवाय ९० फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकले. ९० फूट का, तर तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग साधारण ४५-४६ नॉट होतो, म्हणजे टॉर्पीडोचाच. सरळ काटकोनात आदळल्यावर दहातले सात स्फोटक निकामी निघाले. पत्रा तिरका ठेवला की अपयश निम्म्यावर आले. कारण हातात धरून पाहता येत होते: टक्करीच्या धक्क्याने फायरिंग पिन तिच्या खाचेत अडकत किंवा वाकत होती आणि स्फोट सुरू करणाऱ्या टोपीवर पुरेशा जोराने आदळतच नव्हती. टक्कर जितकी सरळ, तितका धक्का मोठा. म्हणजे नेम जितका उत्तम, तितका टॉर्पीडो वाया. उपाय होता हलक्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची पिन. अशा पिना बसवलेले टॉर्पीडो १९४३ च्या शरदात पाणबुड्यांवर जाऊ लागले.

आपल्या तिसऱ्या टॉर्पीडोचा कोन काढू. जहाज आडवे असताना ४६ नॉटच्या टॉर्पीडोसाठी १० नॉटच्या जहाजाच्या पुढे धरायचा कोन १२.५ अंश येतो. म्हणजे टक्कर साधारण ७७ अंशांत, जवळपास काटकोनातच. क्रेनच्या चाचणीतला वाईट पट्टा हाच. गेममध्येही पिस्तुलाच्या अपयशाची शक्यता टक्करीच्या कोनाशी बांधलेली आहे. म्हणून १९४३ च्या उत्तरार्धापर्यंत जहाज समोरून आडवे येईपर्यंत थांबू नये. ते अजून थोडे दूर असताना किंवा पुढे निघून जाताना, ४५ ते ५० अंशांच्या तिरक्या टक्करीसाठी नेम घ्यावा. टॉर्पीडो ३१ नॉटच्या संथ वेगावर लावला तर प्रत्यक्षात धक्का कमी बसत असे. गेममध्ये त्याचा उपयोग होतो का, हे खाली दिलेल्या चाचणीने ज्याने त्याने आपल्या आवृत्तीत पाहावे. मॉडनुसार (खेळाडूंनी गेममध्ये केलेल्या बदलांनुसार) हे आकडे बदलतात.

इथे आकडेमोडीची एक चूक बहुतेक जण करतात. ‘चारही टॉर्पीडो फुटले नाहीत, म्हणजे गेम बिघडलेला आहे.’ काटकोनात अपयशाची शक्यता ७० टक्के धरली तर सलग चार निकामी निघण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे २४ टक्के. चारातल्या एका हल्ल्यात असे होणारच. तिरक्या कोनात ३५ टक्के धरले तर तीच शक्यता दीड टक्क्यावर येते. एका हल्ल्यावरून यातले काहीच सिद्ध होत नाही. ७० आणि ३५ टक्क्यांतला फरक फक्त मोजणीने खात्रीने दाखवायचा तर प्रत्येक कोनाला सुमारे ३० टॉर्पीडो सोडावे लागतील. नौदलाचे काम दहा वॉरहेडमध्ये झाले, कारण त्यांनी फक्त मोजले नाही, वाकलेली पिन पाहिली. गेममध्ये पिन दिसत नाही, म्हणून तिथे मोजणीच जास्त करावी लागते.

मे १९४३ मध्ये नसलेला, पण प्रकरण समजायला लागणारा दोष

पहिला टॉर्पीडो बुडाखालून गेला, तेव्हा अनेकांना सगळ्यात प्रसिद्ध दोष आठवतो: मार्क १४ लावलेल्या खोलीपेक्षा दहा-अकरा फूट खाली धावायचा. तो दोष मे १९४३ पर्यंत दुरुस्त झाला होता, म्हणून इथे लागू नाही. आणि टॉर्पीडो मुळात बुडाच्या पाच फूट खाली जावा म्हणूनच लावला होता. पण १९४२ च्या गस्तींमध्ये हाच दोष आधी येतो, आणि तो सापडला कसा, यात संपूर्ण पद्धत आहे.

२० जून १९४२ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अल्बनीजवळ, फ्रेंचमन बेमध्ये, रिअर ॲडमिरल लॉकवुड यांनी मासेमारीचे जाळे पाण्यात उभे लावायला सांगितले. स्किपजॅक या पाणबुडीने १० फुटांवर लावलेला टॉर्पीडो सोडला. जाळ्याला भोक पडले २५ फुटांवर. दुसऱ्या दिवशी आणखी दोन सोडले. १० फुटांवर लावलेला १८ फुटांवर गेला, शून्यावर लावलेला ११ फुटांवर. १ ऑगस्टला वॉशिंग्टनमधल्या ऑर्डनन्स ब्युरोने (नौदलाच्या शस्त्रास्त्र विभागाने) दोष मान्य केला.

कारण दोन. सरावाच्या चाचण्यांमध्ये वॉरहेड खऱ्यापेक्षा हलके असायचे. दुसरे, खोली मोजणारे छिद्र टॉर्पीडोच्या निमुळत्या मागच्या भागावर होते. तिथून वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी असतो. यंत्राला वाटायचे आपण वर आहोत, म्हणून ते टॉर्पीडोला आणखी खाली न्यायचे. न्यूपोर्टच्या चाचण्यांमध्ये हे वर्षानुवर्षे कळले नाही, कारण खोली नोंदवणारे यंत्रही टॉर्पीडोमध्ये तशाच जागी बसवलेले होते. दोन्ही मापे एकमेकांशी जुळत होती आणि दोन्ही चुकीची होती. जाळे मात्र टॉर्पीडोच्या बाहेर होते, त्याला ना वॉरहेडचे वजन ठाऊक ना छिद्राची जागा.

या तीन दोषांनी एकमेकांना झाकून ठेवले होते, हेही लक्षात घ्यावे. टॉर्पीडो खाली धावत होते तोवर टक्करी फारशा होतच नव्हत्या. खोली सुधारली आणि अकाली स्फोट वाढले. चुंबकीय पिस्तूल बंद केले तेव्हा कुठे फायरिंग पिन उघडी पडली. एका दोषाची दुरुस्ती झाली की दुसरा ‘नवा’ वाटतो. गेमचा पॅच लावल्यावर किंवा मॉड बदलल्यावर ‘आता वेगळाच बग आला’ असे जे वाटते, ते बरेचदा याच जातीचे असते.

चौथा: इथे दोष गेमचा

चौथा टॉर्पीडो नीट सुटला, नीट धावला, पण जहाजाच्या मागून गेला. मार्क १४ च्या इतिहासात याला आधार नाही. दोष शोधायचा तर अंतरापासून सुरुवात करावी.

हाताने नेम धरताना अंतर स्टॅडिमीटरने मिळते. पेरिस्कोपमध्ये जहाजाची दुसरी प्रतिमा डोलकाठीच्या टोकावर आणून बसवायची. त्यावरून मिळालेला कोन आणि ओळखपुस्तिकेतली डोलकाठीची उंची यांच्यातून अंतर निघते. अंतर त्या उंचीच्या थेट प्रमाणात असते. पुस्तिकेत १०० फूट लिहिले असेल आणि गेममधल्या मॉडेलची डोलकाठी ८० फूट असेल, तर १,२०० यार्डांचे अंतर १,५०० दिसेल. मूळ गेमच्या पुस्तिकेत काही जहाजांच्या उंचीचे आकडे मॉडेलशी जुळत नाहीत. नेम-दुरुस्तीचे मॉड त्यातूनच आले. दुसरा धोका पडद्याच्या आकाराचा. जुन्या ४:३ मॉनिटरसाठी आखलेले पेरिस्कोपचे दृश्य रुंद पडद्यावर ताणले गेले की कोन बिघडतो, आणि मग सगळ्याच जहाजांची अंतरे एकाच दिशेने चुकतात. तिसरा धोका एककांचा. पुस्तिकेतला आकडा मीटरमध्ये आणि टीडीसीतला यार्डांत वाचला, तर सुमारे ९ टक्क्यांची चूक न बोलता आत शिरते.

आता हिशेब. पहिले तीन टॉर्पीडो नेम घेतल्याबरोबर सुटले. त्यात अंतराची चूक जवळजवळ पचून जाते, कारण पुढे धरायचा कोन जहाजाचा वेग, त्याचा कल (चालण्याची दिशा) आणि टॉर्पीडोचा वेग यांवरच ठरतो. टॉर्पीडोला पाणबुडीतून सुटल्यावर वळावे लागत नसेल, म्हणजे जायरो कोन शून्याजवळ असेल, तर अंतर हवेच असे नाही. म्हणून १,५०० यार्डांचा चुकीचा आकडा असूनही पहिला जहाजाखालून बरोबर गेला आणि तिसरा मधोमध लागला. खेळाडूला वाटले, नेम अचूक आहे.

मग दीड मिनिट गेले. तेवढ्यात १० नॉटचे जहाज ५०६ यार्ड सरकते. पोझिशन कीपरने हे सरकणे बरोबर मोजले, पण १,५०० यार्ड दूरच्या जहाजासाठी. दूरचे जहाज तेवढेच सरकले तर दिशा कमी बदलते. खरी दिशा २२.९ अंश बदलली होती, यंत्राच्या हिशेबात १८.६. टॉर्पीडो खऱ्या मार्गरेषेवर जहाजाच्या मध्यापासून १०१ यार्ड मागे पोचला. ४५० फूट म्हणजे १५० यार्डांच्या जहाजाचा अर्धा भाग ७५ यार्ड. म्हणजे टॉर्पीडो मागच्या टोकापासून सुमारे २५ यार्डांवरून गेला.

तुलनेला वेगाची चूक घ्या. १० ऐवजी १२ नॉट धरले असते, तर पहिल्या टॉर्पीडोचा नेम साधारण ५४ यार्ड पुढे सरकला असता आणि तरीही जहाजाला लागला असता. दीड मिनिट जुन्या नेमावरची अंतराची चूक त्याच्या जवळजवळ दुप्पट महाग पडली.

ही चूक पकडायची कशी? दोन मापे स्टॅडिमीटरनेच घेतली तर ती जुळतीलच, न्यूपोर्टच्या दोन यंत्रांसारखी. बाहेरचे माप हवे. सोनारचा एक पिंग (पाण्यात सोडलेला आवाजाचा ठोका) किंवा पाणबुडीवरचे एसजे रडार अंतर थेट देते, त्यात डोलकाठी येत नाही. पिंगने एस्कॉर्ट (राखणीच्या युद्धनौका) जागे होतात, पण एकट्या मालवाहू जहाजावर तो परवडतो. रडार-सोनार न वापरताही युक्ती आहे: वेग दोन वेगळ्या पद्धतींनी काढायचा. पाणबुडी जवळपास थांबवून पेरिस्कोपच्या उभ्या रेषेवरून जहाजाचे नाक आणि शेपूट जायला किती सेकंद लागतात ते मोजा. फुटांतली लांबी भागिले सेकंद, भागिले १.६९, म्हणजे नॉट. ४५० फुटांना २७ सेकंद लागले तर ९.९ नॉट. या पद्धतीत अंतर कुठेच नाही. मग नकाशावर तीन मिनिटांच्या अंतराने दोन ठिकाणे स्टॅडिमीटरने लावा. तीन मिनिटांत जहाज जितके यार्ड सरकले, त्याला १०० ने भागले की वेग मिळतो. अंतर पाव पट जास्त येत असेल तर हा वेगही पाव पट जास्त, म्हणजे १२.५ नॉट येईल. एकीकडे १०, दुसरीकडे १२.५ आले की समजावे, डोलकाठी खोटी आहे. जहाज बदलून पाहा. एकाच जातीच्या जहाजावर चूक येत असेल तर पुस्तिका, सगळ्यांवर तीच टक्केवारी येत असेल तर पडदा किंवा एकक.

चाचणी मांडायची तर

गेमसोबत मिशन एडिटर येतो. त्यात नवी एकेरी मोहीम तयार करावी. वारा शून्य, धुके नाही, दिवस. लक्ष्याचा वेग शून्य, म्हणजे नेमाची चूक बाजूला पडते. अंतर ८०० ते १,००० यार्ड, म्हणजे स्फोटक सज्ज व्हायला पुरेसे पाणी मिळते. बाहेरचा कॅमेरा चालू, टाइम कॉम्प्रेशन १ वर.

खोलीसाठी जाळ्याऐवजी जहाजाचाच ड्राफ्ट वापरावा. १२ फूट ड्राफ्टची छोटी बोट, टॉर्पीडो ५ फुटांवर, फक्त काँटॅक्ट. तारीख जून १९४२ ठेवून दहा टॉर्पीडो सोडा आणि खालून किती गेले ते लिहा. मग बाकी काहीही न बदलता तारीख १९४४ करा. खोलीचा दोष तारखेनुसार बदलत असेल तर तो विचारपूर्वक घातलेला आहे. दोन्ही तारखांना सारखाच असेल, किंवा ‘डड’ पर्याय बंद करूनही राहत असेल, तर तो बग.

टक्करीसाठी मोठे जहाज घ्यावे, टॉर्पीडो १० फुटांवर. काटकोनात आणि ४५ अंशांत प्रत्येकी तीस. कंटाळवाणे आहे, पण वर दिलेल्या कारणाने याहून कमी चालत नाही. तुलनेसाठी तीच मांडणी एस वर्गाच्या पाणबुडीतून मार्क १० टॉर्पीडो वापरून करावी. त्याचा स्फोटक वेगळा आणि जुना, मार्क ६ चे दुखणे त्याला नव्हते. दोन्ही टॉर्पीडो सारखेच फसत असतील, तर गेममध्ये कारण नाही, नुसता फासा टाकलेला आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मॉड लावलेला असेल तर आधी तो काढून मूळ १.५ आवृत्तीवर चाचणी, मग मॉडसह. टीएमओ किंवा एफओटीआरएस अल्ट्रासारखी मोठी मॉड टॉर्पीडोचे आकडे स्वतःचे आणतात, त्यामुळे ‘गेममध्ये असे होते’ हे वाक्य मॉडचे नाव न सांगता निरर्थक आहे.

जे खरोखरच बग आहेत

यात शोधण्यासारखे कमी, टाळण्यासारखे जास्त. पाण्याखाली असताना किंवा शत्रूची जहाजे जवळ असताना केलेला सेव्ह उघडताना दगा देऊ शकतो. जहाजांची आणि एस्कॉर्टची अवस्था जशी होती तशी परत येत नाही. पृष्ठभागावर, संपर्कात कोणी नसताना सेव्ह करावे आणि जुन्या सेव्हवर न लिहिता नवा करावा. गेम ३२-बिटचा असल्यामुळे मोठ्या मॉडसह लांब गस्तीत मेमरी संपून तो डेस्कटॉपवर फेकतो. एक्झी फाइलला चार जीबीपर्यंत मेमरी वापरण्याची खूण लावली की हे बरेच कमी होते. मॉड गस्तीच्या मध्यात बदलू नयेत, बंदरात असतानाच बदलावेत.

उलट एक गोष्ट बग म्हणून सांगितली जाते आणि ती तशी नसते: आपलाच टॉर्पीडो गोल फिरून परत येणे. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी तैवानच्या सामुद्रधुनीत टँग ही पाणबुडी तिच्याच शेवटच्या, मार्क १८ जातीच्या टॉर्पीडोने बुडवली. नऊ जण वाचले. रडर (सुकाणू) अडकला की टॉर्पीडो वर्तुळात फिरतो, आणि या टॉर्पीडोंमध्ये तो थांबवणारे साधन नव्हते. म्हणून सोडल्यावर पेरिस्कोप लगेच खाली घेऊ नये. टॉर्पीडोची रेघ काही सेकंद पाहावी. ती वळताना दिसली तर पूर्ण वेगाने पुढे आणि खाली जावे. बुडबुड्यांची रेघ मार्क १४ ची दिसते, मार्क १८ विजेवर चालत असल्याने दिसत नाही, तिथे हायड्रोफोनच (पाण्याखालचे आवाज टिपणारे यंत्र) ऐकावा.

गेमच्या आवाक्याबाहेरचे वास्तव

या प्रकरणात गेमची सर्वात मोठी उणीव कोडमध्ये नाही. १९४२ च्या कमांडरला खोलीचा दोष माहीत नव्हता, आणि ज्यांना शंका आली त्यांना वरून सांगितले गेले की चूक तुमच्या नेमाची आहे. आजचा खेळाडू पहिल्याच गस्तीला टॉर्पीडो दहा फूट वर लावून, चुंबकीय पिस्तूल बंद करून, तिरका कोन धरून निघतो. डिसेंबर १९४१ मध्येच त्याच्या हातात १९४३ चे ज्ञान आहे. त्याच्यासाठी दोष उरतच नाही, उरतो फक्त त्रास.

यावर एक चांगला तोडगा आहे. गेमच्या डेटा फोल्डरातल्या लायब्ररीत अमेरिकी टॉर्पीडोंची सिम फाइल असते आणि ती सायलेंट थ्री-डिटर या साधनाने उघडते. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवावी. मग खेळणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कोणी तिच्यातले अपयशाचे आकडे बदलावेत. वाईट कोनाचा पट्टा काटकोनाऐवजी तिरक्या बाजूला न्यावा, चुंबकीय अपयश वाढवावे किंवा अगदी काढून टाकावे, दुरुस्तीची तारीख पुढे-मागे करावी, आणि नवे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. बदललेली फाइल मॉड म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून जेएसजीएमई या मॉड लावण्याच्या साधनाने लावली की मूळ गेमला धक्का लागत नाही. खेळणाऱ्याने प्रत्येक टॉर्पीडोची नोंद ठेवायची: तारीख, खोली, पिस्तूल, वेग, टक्करीचा कोन, निकाल. दहा-बारा हल्ल्यांनंतर त्याने आपला अंदाज लेखी द्यायचा, म्हणजे कुठला कोन वाईट आणि कुठले पिस्तूल बंद करायचे. त्यानंतरच दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासायचे. ही नोंदवही ठेवताना पहिल्या हल्ल्यापासून अंतराचा रकाना दोनदा भरावा, एकदा स्टॅडिमीटरचा आणि एकदा पिंग किंवा रडारचा. नाहीतर चौथ्या टॉर्पीडोसारखी नेमाची चूक पिस्तुलाच्या खात्यावर चढते आणि सगळा अंदाज फसतो.